गाडीपुरतं मोठं, सहीपुरतं लहान

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं दोन ठिकाणी गर्दी होते. एक लातूरला क्लासवाल्यांच्या ऑफिसात अन् दुसरी टू व्हीलरच्या शोरूममधी. "नव्वदच्या वर पाड, गाडी घेऊन देतो" असं बापानं आधीच कबूल केलेलं असतं, मग सोयाबीनचे राहिलेले पैसे डाउन पेमेंटला, बाकी फायनान्स, गाडीला हार, नारळ, पोरगं सीटवर अन् बाप बाजूला उभा, फोटो लगेच स्टेटसला. पोराचं वय सोळा. लायसन्सचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "वकील साहेब, गावातल्या गावात तर फिरवायचीय."

मी अंबाजोगाईला वकिली करतो. मोठी नाही, तालुक्याला असते तेवढी. वाटण्या, पोटगी, अपघाताचे क्लेम, अन् अधनंमधनं अठराच्या आतल्या लेकरांची प्रकरणं. अन् इतकी वर्षं हे बघून माझं ठाम मत झालंय की आपण लेकराचं वय आपल्या सोयीनं मोजतो. गाडी चालवायची, लग्नाला उभं राहायचं, उसाच्या फडात कोयता धरायचा तर सतरा वर्षाचं पोरगं "आता काय लहान हाय का". अन् सायन्स घ्यायचं का आर्ट्स, बापाच्या मागं राहिलेली जमीन इकायची का ठेवायची, हे इचारायची वेळ आली की "त्याला काय कळतंय". कायद्याचं नेमकं उलटं आहे. जे आपण हौसेनं देतो ते देऊ नका म्हणतो, जे दाबून ठेवतो ते त्याचंच आहे म्हणतो. अन् चुकलं की नोटीस येते ती बापाच्या नावानं.

आधी गाडीचंच सांगतो कारण माझ्याकडं सगळ्यात जास्त रडारड त्याचीच येते. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली अन् त्यात १९९अ हे कलम आलं. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून या कायद्याखालचा कुठलाही गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरायचं, तीन वर्षांपर्यंत कैद अन् २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, अन् त्या पोराला वयाची २५ वर्षं पूर्ण होईस्तोवर लायसन्स मिळणार नाही. हे शेवटचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. दंड भरून मोकळं होऊ म्हणतेत, पण पोरगं बावीस-तेवीसचं झाल्यावर पुण्याला डिलिव्हरीचं काम धरायला गेलं, ड्रायव्हरकीला गेलं, तर लायसन्स नाही म्हणून घरी.

अन् गाडी कुणाच्या नावावर असते? बऱ्याचदा आईच्या नाहीतर आजीच्या. म्हणजे जिनं आयुष्यात सायकल चालवली नाही ती माय कोर्टात आरोपीच्या जागी. मग सगळे एकसुरात सांगतेत की पोरानं न इचारता किल्ली नेली. बचाव आहे तो, नाही असं नाही, मला माहीत नव्हतं किंवा मी सगळी काळजी घेतली होती हे पालकानं सिद्ध केलं तर सुटका आहे. पण सिद्ध तुम्ही करायचंय, कोर्ट सुरुवातच अशी धरून करतं की गाडी तुमच्या संमतीनंच नेली. अन् हार घातलेल्या गाडीवर पोरगं अन् बाजूला बाप असा फोटो समोरच्या वकिलाच्या मोबाईलमधी असतोच की, तुम्हीच तर टाकलेला.

"पण साहेब सोळाला लायसन्स भेटतं की." भेटतं, बिगर गिअरच्या अन् ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमची ती स्कूटी ११० सीसीची आहे, बुलेट तर सोडूनच द्या. बॅटरीच्या गाडीला लायसन्स लागत नाही हे पण अर्धंच खरं, २५० वॉटच्या आतली अन् ताशी २५ किलोमीटरच्या वर पळत नसलेली असेल तरच. बाकी बॅटरीच्या गाड्यांना सगळं लागतं, शोरूमवाला काय बी म्हणू द्या.

खरा दणका तर क्लेममधी बसतो. बिगर लायसन्सच्या पोरानं कुणाला उडवलं अन् तो माणूस गेला, तर इन्शुरन्स कंपनीला कोर्ट बऱ्याच प्रकरणांत म्हणतं की आधी तुम्ही त्या कुटुंबाला पैसे द्या अन् मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. माझ्या एका पक्षकाराला वाटलं कंपनीनं भरले, इषय संपला. दोनेक वर्षांनी वसुलीची नोटीस आली तेव्हा तो माझ्याकडं कागद घेऊन आला अन् म्हणला, "हे चुकून आलंय का बघा जरा." चुकून नव्हतं आलेलं. ज्या घरातला कर्ता गेला त्यांच्याकडून बघितलं तर ते बी बरोबरच आहे, त्यांनी काय पाप केलं होतं.

आता पोलीस ठाण्याचं. इथं मात्र आमच्या लोकांना भीती बी चुकीची अन् भरवसा बी चुकीचा. एक भीती अशी की पोरानं काही केलं की बापाला आत टाकतेत. तसं नाही. पोराच्या गुन्ह्याला बाप आपोआप गुन्हेगार होत नाही, गाडी, बालविवाह, लेकराच्या हातात दारू-तंबाखू देणं असे ठराविक इषय सोडले तर. (तंबाखूचं हसू नका. बाल न्याय कायद्यात लेकराला दारू, नशेचा पदार्थ नाहीतर तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, अन् आमच्याकडं चुलता भाच्या-पुतण्यालाच पुडी आणायला पाठवतो.) पण भीतीपोटी बाप काय करतो, ठाण्यात जाऊन हात जोडतो, "साहेब, दोन फटके द्या पण सोडून द्या त्याला." अरे बाबा, फटके द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिलाय अन् परवानगी द्यायचा तुला कुणी?

२०१५ चा बाल न्याय कायदा वाचा एकदा, मराठीत मिळतो. अठराच्या आतल्या लेकराला लॉकअपमधी ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी अन् दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. आई-बापाला कळवणं बंधनकारक आहे. अन् साध्या भांडणाला, मोबाईल चोरीला नियमाप्रमाणं एफआयआरच होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद करून घरच्या परिस्थितीच्या अहवालासकट मंडळाकडं पाठवायचं असतं. एफआयआर होतो तो गुन्हा अत्यंत गंभीर असेल, म्हणजे कमीत कमी सात वर्षं शिक्षेचा, किंवा मोठ्या माणसांसोबत मिळून केलेला असेल तेव्हा.

हे "मोठ्यांसोबत मिळून" नीट वाचा. कारण आमच्याकडं भाऊचा बड्डे नावाचा एक प्रकार आहे. भर चौकात गाडीच्या बोनेटवर पाच-सहा केक, तलवारीनं कापायचे, ड्रोननं शूटिंग. भाऊ असतो पंचवीसचा, त्याला आमदारकीचं नाहीतर निदान जिल्हा परिषदेचं स्वप्न. तलवार धरून मागं उभं असतं सतराचं पोरगं. रील व्हायरल झाली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा, भाऊला जामीन द्यायला त्याची माणसं असतेत अन् पोराच्या बापाला कळतं तिसऱ्याकडून. मंडळाच्या तारखांना भाऊ कधी आलेला मी तर नाही बघितला.

जामिनाचं बोलायचं तर लोक लगेच पुण्याचं काढतेत. १९ मे २०२४, कल्याणीनगर, सतरा वर्षाचं पोरगं, पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर जागेवर गेले, अन् मंडळानं ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. संताप माझा बी झाला. त्या पोराच्या बापाला पोलिसांनी धरलं ते आपल्या छत्रपती संभाजीनगरातून, हे इथल्या लोकांना चांगलं ध्यानात आहे. पण तेव्हा व्हॉट्सॲपवर "अठराची अट काढा, सोळालाच फासावर द्या" लिहिणारे जे होते त्यातल्या दोघांनी नंतर माझ्याकडं फोन केलाय, एकाचा पुतण्या गणपतीच्या मिरवणुकीत डोकं फोडून बसला होता अन् एकाच्या पोराच्या मोबाईलमधी नको ते सापडलं होतं. दोघांचा प्रश्न एकच, "लहान हाय हो साहेब, सुटंल ना?" सुटतंच सहसा, कारण कायदा सगळ्यांना सारखाच म्हणतो की लेकराला जामीन द्या, फक्त बाहेर सोडल्यानं ते गुन्हेगारांच्या संगतीला जाईल, त्याच्या जिवाला धोका होईल किंवा न्यायालाच बाधा येईल असं वाटलं तर देऊ नका. तुम्हाला राग ज्याचा आलाय तो पैशाचा माज अन् नंतर रक्ताच्या नमुन्यात झालेली अदलाबदल, त्याचा राग जरूर करा. पण तलवारवाल्या, मोबाईलवाल्या आपल्या गरीब पोरांचं संरक्षण त्या रागात काढून टाकू नका. अन् सोळाच्या वरच्यानं खून-बलात्कारासारखं काही केलं तर त्याला मोठ्यासारखं चालवायचं का हे मंडळ तपासतंच, ती सोय याच कायद्यात आहे.

वय कसं ठरतं हे पण सांगतो. पहिला कागद शाळेचा दाखला नाहीतर दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, अन् दोन्ही नसले तरच डॉक्टरी तपासणी. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला, कारण गुरुजींनीच टाकला. आताच्या लेकरांचं तसं नाही, पण फडावर जन्मलेल्या, तीन शाळा बदललेल्या लेकरांचं अजून बी तसंच आहे. एक-दोन वर्ष इकडंतिकडं लावलेलं असतं अन् नंतर त्यावरच सगळं अडतं. वय वाढवून लावणाऱ्यांना तेव्हा लई हुशारी वाटते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बापांसाठी एक. मंडळानं निकाल दिला तरी त्या प्रकरणामुळं पोराला पुढं अपात्र धरता येत नाही, तसं कलमच आहे, अन् ठराविक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद फक्त सोळाच्या वरच्या अन् बाल न्यायालयात मोठ्यासारखं प्रकरण चाललेल्या पोरांचा. त्याचं नाव, फोटो, शाळा पेपरात किंवा फेसबुकवर टाकणं हा गुन्हा आहे. तालुक्याच्या न्यूज पोर्टलवाल्या मित्रांनो, तुम्हालाच म्हणालोय.

आता जे लिहायलोय त्यावर नातेवाईक मंडळी नाराज होणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांमधी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के, बीडमधी जवळपास ४४. राज्याची सरासरी २२ च्या आसपास. म्हणजे दुप्पट. कारणं आपल्याला पाठ आहेत. ऊसतोडीच्या हंगामाला जायचं तर वयात आलेली लेक मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, सोबत न्यावी तर फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, अन् पोराचं लग्न लावलं की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाढून भेटते. मी आई-बापाला राक्षस म्हणणार नाही. दसऱ्याच्या आसपास घराला कुलूप लावून टोळीसोबत जाणाऱ्या माणसाला चौथीतलं लेकरू आजीजवळ अन् सोळाची पोरगी कुठं ठेवायची हा प्रश्न खराच आहे. हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत, पण जागा पुरत नाहीत अन् माहिती त्याहून पुरत नाही.

पण त्या लग्नानं काळजी मिटते असं वाटत असेल तर पुढं काय होतं ते बघा. पोरगी सतराची असताना बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाते. डॉक्टर आधार बघतो. पोक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात अठराच्या आतलं प्रकरण कळलं तर पोलिसांना कळवणं त्याला बंधनकारक, नाही कळवलं तर तो स्वतः अडकतो. सुप्रीम कोर्टानं २०१७ लाच सांगितलंय की बायको अठराच्या आतली असेल तर बलात्काराच्या कलमातून नवऱ्याला सूट नाही. मग एकीकडं पोरगी बाळंतीण अन् दुसरीकडं नवरा आत, पोक्सोत किमान २० वर्षांचं कलम, अन् बालविवाहाच्या कायद्याखाली दोन्हीकडचे बाप, लावून देणारा भटजी, कधी मंडपवाला अन् आचारी बी. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् लाखापर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. आईला कैद होत नाही, दंड होतो. ज्या इज्जतीसाठी घाई केली ती सगळी ठाण्याच्या ओट्यावर.

अन् पोरीला काय अधिकार आहे हे तिला कुणीच सांगत नाही. ती वीस वर्षांची होईस्तोवर कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेऊ शकते. नवऱ्याकडून, तो अठराच्या आतला असेल तर सासऱ्याकडून, पोटगी मिळू शकते. झालेलं लेकरू कायदेशीरच राहतं. लग्नाच्या आधी असेल तर १०९८ ला फोन लावायचा, फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे दुसरा-तिसरा कुणी नाही, आपला ग्रामसेवक. तोच बहुतेक वेळा पंगतीला जेवायला असतो ही गोष्ट वेगळी.

याच कायद्याची दुसरी बाजू पोरांनी ऐका. सतराची पोरगी अन् एकोणीसचं पोरगं, प्रेम, पळून जाणं, पुण्याकडं रांजणगावला नाहीतर संभाजीनगरजवळ वाळूजला खोली. "तिची मर्जी होती साहेब." माहितेय. चॅट बी आहेत. पण अठराच्या आत तिच्या मर्जीला कायद्यात किंमत नाही, अपहरण अन् पोक्सो दोन्ही लागतं. हे मला स्वतःला पटत नाही पूर्ण. दोन कोवळ्या पोरांच्या प्रेमाला अन् एखाद्या नराधमाला एकच कलम लावायचं यात काहीतरी चुकतंय असं माझं मत आहे, बऱ्याच कोर्टांनी बी असं बोलून दाखवलंय. तरी आज कायदा हा आहे. अन् गंमत बघा, लेकीनं मर्जीनं पोरगं निवडलं तर ती लहान, तिच्या बापानं त्याच वर्षी तिचं लग्न ठरवलं तर ती मोठी. अशा केसमधी फिर्यादी बापाला मी एकदा इचारलं होतं की धाकटीचं कधी ठरवलंय. तो गप बसला.

मोबाईलचं थोडक्यात. सिम बापाच्या नावावर, इन्स्टा पोराचं. सायबर पोलीस आधी सिमवाल्यापर्यंत येतेत. वर्गातल्या पोरीचा तसला फोटो फॉरवर्ड केला तर आयटी कायद्याचं ६७ब लागतं, स्वतः काढलेला नसला तरी, अन् "मी फक्त पुढं पाठवला" हा बचाव होत नाही. बस एवढंच, बाकी यावर पोस्टी लई झाल्यात.

लातूरला, नांदेडला पोरं ठेवणाऱ्यांना एक इचारायचंय. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मधी क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळाच्या आतल्या पोरांना प्रवेश देऊ नका अन् मधूनच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी परत करा असं लिहिलंय. आठवीच्या फाउंडेशन बॅचची फी भरताना तुमच्यापैकी किती जणांनी हे काढून दाखवलं? दाखवणार कसं, आपल्यालाच घाई असते. पोराला बायोलॉजी नको असतं, ते आईला सांगतं, आई बापाला सांगत नाही, दोन वर्षं, सहा-सात लाख, अन् मग रिपीट. मारझोडीवर शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, तरी आमचे बापच गुरुजींना सांगून येतेत की हाडं तेवढी शिल्लक ठेवा. लेकराशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं हे तत्त्व बाल न्याय कायद्यात लिहिलेलं आहे. चोरी केलेल्या पोराला मंडळ इचारतं बाबा तुला काय वाटतं. नव्वद टक्के पाडलेल्या पोराला घरात कुणी इचारत नाही.

शेवटचं जमिनीचं, अन् हे माझ्या जिवाभावाचं आहे कारण आत्महत्या झालेल्या घरांमधी हेच बघतो. बाप गेला की वारस लागतेत, लेकरांची नावं सातबाऱ्यावर येतेत अन् पुढं अ.पा.क. म्हणून आईचं नाव, म्हणजे लेकरू सज्ञान होईपर्यंत पालन करणारी ती. सावकाराचं अन् बँकेचं देणं डोक्यावर, चुलता म्हणतो एक एकर देऊन टाक वहिनी, माझ्याच नावावर कर, घरातच राहील. अज्ञान म्हणजे अठराच्या आतल्या लेकराच्या हिश्श्याची जमीन पालकाला जिल्हा न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय इकता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या जमिनीचं गणित थोडं वेगळं आहे, त्यात इथं पडत नाही, पण म्हणून कुठल्याही कोऱ्या कागदावर, संमतीपत्रावर अंगठा देऊ नका. लेकराचं हक्कसोडपत्र आईला परस्पर करता येत नाही. परवानगीशिवाय इकलीच असेल तर लेकरू अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करायला दावा लावू शकतं. तीन वर्षं म्हणजे एकवीसपर्यंत, अन् माझ्याकडं बरेच जण येतेत ते पंचविशीत, लग्न जमेना म्हणून सातबारा काढल्यावर. तेव्हा मी काय करणार. पोरीचा हिस्सा बी पोराएवढाच आहे हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं. अन् बाप गेलेल्या लेकरांना बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतेत, त्याचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो, तो आधी करा, जमीन इकायचं नंतर बघू.

ज्यांचं लेकरू यंदा अठरा पूर्ण करायलंय त्यांनी सातबारा काढून बघा. अ.पा.क. चा शेरा आपोआप जात नाही. तलाठ्याकडं साधा अर्ज, सोबत टीसी नाहीतर जन्मदाखला अन् आधार, मग फेरफार होतो. अर्जावर सही लेकराची लागते, त्याला सोबत घेऊन जा.